नदीचा दगड आणि पिंपातला दगड: निवडीच्या नीतीचा विचार

नदीने घासलेला दगड प्राणप्रतिष्ठेवाचूनच देव मानायचा, आणि माणसाने घडवलेली मूर्ती मात्र मंत्रांनी तिच्यात प्राण आणल्याखेरीज पूजेला घ्यायची नाही, अशा दोन्ही रीती महाराष्ट्रातील असंख्य देवघरांत एकाच चौरंगावर शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. प्राणप्रतिष्ठा म्हणजे मूर्तीत देवतेचे चैतन्य स्थिर करण्याचा संस्कार. गंडकीचा शाळिग्राम आणि नर्मदेचा बाण यांना हा संस्कार लागत नाही, रोजचे आवाहन व विसर्जनही लागत नाही, असे धर्मशास्त्राच्या परंपरेत मानले जाते, कारण त्यांच्यातील देवत्व कोणी आणून बसवलेले नसून ते मुळातच तेथे आहे, अशी त्यामागची धारणा आहे. या भेदाच्या तळाशी एक तात्त्विक प्रश्न आहे: दगडाचे मोल त्याच्या द्रव्यात असते, आकारात असते, त्याला घडवणाऱ्या शक्तीत असते, की त्याच्याशी जडलेल्या संबंधात असते? रानोमाळ हिंडून गारा, अकीक आणि स्फटिक वेचावेत आणि ते घरातल्या लहानशा यंत्रात घोळून गुळगुळीत करावेत, या छंदाने हाच जुना प्रश्न आज अगदी व्यावहारिक रूपात पुढे आणला आहे. म्हणून या छंदाचा आरंभ कसा करावा हे सांगताना तो कोणत्या वृत्तीने करावा याचाही विचार करणे भाग पडते.

कोल्हापूर हे अशा विचाराला सोयीचे ठिकाण आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्हारसाचे एकावर एक थर पसरले आणि त्यांचा काळा पाषाण, म्हणजेच बेसाल्ट, बनला. जिल्ह्याचा बहुतेक भाग याच पाषाणावर वसलेला आहे, आणि पश्चिमेकडील उंच सड्यांवर त्याचीच झीज होऊन तयार झालेला जांभा आढळतो. लाव्हारस थंड होताना त्यात अडकलेल्या वायूंचे बुडबुडे पोकळ्यांच्या रूपाने मागे राहिले, आणि पुढे दीर्घ काळ झिरपणाऱ्या पाण्याने आपल्यात विरघळलेली द्रव्ये त्या पोकळ्यांच्या भिंतींवर थराथराने बसवली. गार, अकीक, जांभळा स्फटिक, कॅल्साइट आणि झिओलाइट या नावाने ओळखली जाणारी पांढरी, गुलाबी, पोपटी खनिजे ही या मंद कार्याची फळे होत. विहीर खणताना, खाणीत सुरुंग लावल्यावर किंवा घाटरस्त्यासाठी डोंगर कापल्यावर अशा पोकळ्या उघड्या पडतात. त्यांतील कठीण गारा पावसाने सुट्या होऊन शेतांत आणि ओढ्यांत येतात, आणि शेतकरी त्या वेचून बांधावर टाकतो. दख्खनच्या पाषाणातील खनिजांचे वैभव एका ठिकाणी पाहायचे असेल तर सिन्नर येथे के. सी. पांडे यांनी 2001 मध्ये सुरू केलेले ‘गारगोटी’ हे संग्रहालय पाहावे.

छंदाची प्रत्यक्ष रीत समजल्याखेरीज त्यामागचा तात्त्विक प्रश्न नीट उलगडत नाही. दगड घोळण्याचे यंत्र, म्हणजे टम्बलर, हे मोटरवर सावकाश फिरणारे रबरी अस्तराचे एक लहान पिंप असते. ओतकामाच्या धंद्यात ओतीव भागांच्या कडा मोडण्यासाठी ते पिंपात घोळण्याची रीत परिचित आहे, त्यामुळे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींच्या परिसरात वाढलेल्या माणसाला या यंत्राचे तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पिंप दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश दगडांनी भरावे लागते. लहानमोठे दगड मिसळावे लागतात, म्हणजे मोठ्यांच्या फटीत लहान बसून घर्षण सगळीकडे पोचते. दगडांचा वरचा थर जेमतेम दिसत राहील इतके पाणी घालावे लागते. आणि सिलिकॉन कार्बाइडची, म्हणजे कारखान्यांत कार्बोरंडम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अतिकठीण द्रव्याची, पूड टाकावी लागते. ही पूड पहिल्या टप्प्यात जाड असते, पुढच्या टप्प्यांत बारीक होत जाते, आणि शेवटच्या टप्प्यात तिच्या जागी ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखी जिल्हई देणारी पूड येते. प्रत्येक टप्प्याला साधारण आठवडा लागतो, पहिल्याला अनेकदा त्याहून अधिक, म्हणजे एका खेपेला महिना-दीड महिना सहज जातो. पिंप फार वेगाने फिरले तर दगड एकमेकांवर आपटून त्यांचे टवके उडतात, फार हळू फिरले तर ते नुसते सरकतात. योग्य वेगात वरचा थर सतत उतारावरून घसरत राहतो आणि याच घसरण्यात दगड दगडाला घासतो.

दगडाची निवड ही या कामातील पहिली आणि सर्वांत अवघड पायरी आहे. फ्रीड्रिक मोस या खनिजशास्त्रज्ञाने 1812 मध्ये खनिजांच्या काठिण्याची दहा अंकांची श्रेणी मांडली; जो दगड दुसऱ्यावर ओरखडा काढतो तो त्याहून कठीण, एवढे साधे तिचे तत्त्व आहे. गार या श्रेणीत 7 वर येते आणि अकीक जवळपास तितकाच कठीण असतो, म्हणून ते घोळण्यास उत्तम. कॅल्साइट 3 वर येतो आणि बहुतेक झिओलाइट 3.5 ते 5.5 च्या दरम्यान असतात; ते गारेबरोबर पिंपात टाकले तर त्यांचा चुरा होतो, आणि ॲपोफिलाइटसारखे सुंदर स्फटिक ठरावीक पातळीत सहज दुभंगत असल्याने ते जसे सापडले तसेच जपावेत यातच शहाणपण असते. छिद्रांनी भरलेला काळा दगडही या कामाचा नव्हे, कारण जाड पुडीचे कण त्याच्या छिद्रांत अडकून पुढच्या प्रत्येक टप्प्यात ओरखडे काढत राहतात. नवशिक्याजवळ चाकूचे पाते आणि भिंग एवढे असले तरी पुरते: ज्या दगडावर पात्याने चरा पडतो तो बाजूला ठेवावा, ज्याच्यावर पात्याची नुसती करडी रेघ उमटते तो कठीण समजावा, आणि ज्याच्यात भिंगाखाली भेगा दिसतात तो घेऊ नये.

दोन टप्प्यांच्या मधल्या धुण्यातच या छंदाची खरी शिस्त दिसून येते. पिंप उघडले की दगड दिसत नाहीत. दिसतो तो करड्या चिखलाचा दाट लगदा, ज्यात झिजलेली पूड आणि दगडांचे अंग मिसळलेले असते. हा लगदा मोरीत ओतला तर नळात जाऊन दगडासारखा घट्ट बसतो, म्हणून तो बादलीत निवळू देऊन पाणी वेगळे करावे लागते. प्रत्येक दगड ब्रशने, त्याच्या खाचाखोचांसह, आणि पिंप झाकणाच्या खोबणीपर्यंत धुवावे लागते, कारण जाड पुडीचा एखादा कण मागे राहिला तरी पुढच्या आठवड्यांचे काम वाया जाते. ओल्या दगडाची चमक ही पाण्याची चमक असते, त्यामुळे दगड कोरडा करून उजेडात धरल्याखेरीज त्याच्या पृष्ठभागाची परीक्षा होत नाही. अशी परीक्षा करता जो दगड अजून खडबडीत वाटतो तो पुढच्या टप्प्यात न ढकलता पहिल्या टप्प्यात परत टाकावा लागतो. घाई केली तर यंत्र कोणतीही तक्रार करत नाही, परंतु ती घाई दगडावर कायमची उमटून राहते.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. स्मार्त परंपरेतील पंचायतन पूजेत पाच देवतांसाठी पाच पाषाण सांगितले आहेत: विष्णूसाठी गंडकीचा शाळिग्राम, शिवासाठी नर्मदेचा बाण, गणपतीसाठी शोण नदीतील तांबडा शोणभद्र, देवीसाठी स्वर्णमुखी नदीतील धातूची झाक असलेला पाषाण, आणि सूर्यासाठी स्फटिक. यांतील चार नदीचे आहेत, आणि त्या प्रत्येकाची नदी ठरलेली आहे. कोणत्याही नदीचा कोणताही गोल गोटा चालत नाही. शाळिग्रामावरील चक्र म्हणजे ॲमोनाइट नावाच्या प्राचीन सागरी प्राण्याच्या शंखाचा ठसा होय, आणि जेथे आज हिमालय आहे तेथे एके काळी टेथिस समुद्र होता याची ती साक्ष आहे. भूविज्ञानाचे हे स्पष्टीकरण आणि उपासकाची श्रद्धा एकमेकांना छेद देतातच असे नाही, कारण दोहोंचेही म्हणणे एका मुद्द्यावर जुळते: या दगडाची घडण माणसाच्या हाताने झालेली नाही.

टम्बलरने नेमकी हीच सीमारेषा पुसट केली आहे. नदीच्या पात्रात जे घडते तेच पिंपात घडते. पाणी आहे, वाळूच्या जागी पूड आहे, उताराच्या जागी फिरण्याची गती आहे, आणि दगडाला दगड घासतो आहे. नर्मदाकाठच्या बकावां या गावी कित्येक कुटुंबे नदीतून दगड काढून त्यांना लिंगाचा आकार आणि जिल्हई देतात, आणि बाजारात मिळणाऱ्या बाणांपैकी किती नदीने घडवले आणि किती हातांनी, हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही. जुन्या ग्रंथांत खरा बाण ओळखण्यासाठी तो पुनःपुन्हा तोलून पाहण्याची परीक्षा सांगितली आहे, याचा अर्थ खऱ्याखोट्याची शंका तेव्हाही होती. मग घर्षणाची प्रक्रिया एकच असताना एक दगड स्वयंभू आणि दुसरा कृत्रिम कशावरून ठरतो?

काळ हे उत्तर प्रथम सुचते: नदीला ज्या कामासाठी युगे लागली ते यंत्र महिन्याभरात उरकते. परंतु काळाचा फरक हा प्रमाणाचा फरक आहे, आणि प्रमाणाने जात बदलत नाही. वेगवान ओढ्यात लवकर गोल झालेला गोटा संथ नदीतल्या गोट्याहून कमी स्वाभाविक ठरत नाही. खरा फरक निवडीत आहे. नदीच्या हातूनही एक प्रकारची निवड होते, कारण मऊ दगड विरून जातात आणि कठीण उरतात, परंतु तिच्यामागे संकल्प नसतो. माणूस शेकडो दगडांतून एक उचलतो तेव्हा त्याच्या मनात हेतू असतो, आणि भारतीय विचारात कर्माची नैतिकता ज्यावर तोलली जाते तो हा संकल्पच आहे. दगड घासण्याचे काम नदी करो वा मोटर करो, त्यात माणसाचा वाटा थोडा. कोणता दगड, कोठून, किती आणि कशासाठी घ्यायचा हे ठरवण्यात मात्र त्याचा वाटा पुरा असतो. म्हणून या छंदाचे पुण्यपाप, ते शब्द वापरायचे असतील तर, चकाकीत शोधू नये. ते उचलण्यात शोधावे.

दगड निवडून घासण्याच्या या कामाला जुना इतिहासही आहे. पेरिप्लस या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून अकीकाच्या जातीचा दगड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे, आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर हसमुख सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी 1945-46 मध्ये केलेल्या उत्खननात सातवाहन काळातील वस्तीचे जे अवशेष मिळाले त्यांत मौल्यवान दगडांचे मणीही आहेत. मण्यांना झिलई देण्याची खंबायतमधील जुनी रीत अशी होती की ते कुरुंदाची पूड आणि पाणी यांच्यासह चामड्याच्या पिशवीत भरावेत आणि दोन माणसांनी ती पिशवी कित्येक दिवस एकमेकांकडे लोटत राहावे. आजच्या टम्बलरचा पूर्वज तो हाच. या धंद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोरड्या घासणीत उडणारी गारेची अतिसूक्ष्म धूळ फुफ्फुसांत बसून सिलिकोसिस नावाचा बरा न होणारा रोग होतो, आणि खंबायतच्या अकीक कारागिरांनी तो पिढ्यान्‌पिढ्या भोगला आहे. छंद म्हणून दगड फोडणाऱ्याने तो ओला करून, डोळ्यांवर चष्मा आणि नाकातोंडावर धूळ अडवणारा मास्क लावूनच फोडावा, आणि बाजारातून स्वस्तात घेतलेल्या चकचकीत खड्यामागे कोणाचा श्वास खर्ची पडला असेल याचा विचारही करावा.

दगड उचलण्याच्या नीतीचा सर्वांत काटेकोर विचार जैन दर्शनाने केला आहे, आणि कोल्हापूर परिसरात, जेथे लक्ष्मीसेन मठ आणि कुंभोजचे बाहुबली क्षेत्र आहे, तो परका नाही. या दर्शनानुसार पृथ्वी, जल, अग्नी, वायू आणि वनस्पती हे स्थावर, म्हणजे एकाच इंद्रियाचे, स्पर्शाचे, जीव आहेत. तत्त्वार्थसूत्रावरील ‘सर्वार्थसिद्धि’ या टीकेत आचार्य पूज्यपाद पृथ्वीच्या संदर्भात चार अवस्था वेगळ्या करतात: अचेतन अशी सामान्य पृथ्वी, जीवाने सोडून दिलेले शरीर, म्हणजे पृथ्वीकाय, ज्याचे शरीर सध्या पृथ्वी आहे असा पृथ्वीकायिक, आणि ते शरीर धारण करायला निघालेला पृथ्वीजीव. हा भेद आधुनिक वाचकाला अतिसूक्ष्म वाटला, तरी त्यातून निघणारा आचार अगदी स्पष्ट आहे. गृहस्थाला स्थावर जीवांची हिंसा सर्वस्वी टाळता येत नाही हे जैन आचारशास्त्र मान्य करते, पण अनर्थदंड, म्हणजे कोणत्याही प्रयोजनावाचून केलेली हानी, टाळण्याचे व्रत त्याला देते, आणि समंतभद्रांचा ‘रत्नकरंड श्रावकाचार’ या प्रकारात विनाकारण जमीन खणण्याचाही समावेश करतो. नवी पोकळी उघडण्यासाठी डोंगराच्या कड्यावर हातोडा चालवणारा आणि शेताच्या बांधावर आधीच टाकून दिलेल्या गारांतून एक निवडणारा, यांच्यातील फरक या व्रताच्या प्रकाशात पाहिला म्हणजे छंदाची पहिली मर्यादा आपोआप ठरते: जे सुटे पडले आहे ते पाहावे, जे धरून आहे ते धरून राहू द्यावे.

दुसरी मर्यादा महानुभाव पंथाच्या परंपरेतून स्पष्ट होते. चक्रधरस्वामींचा स्पर्श ज्यांना झाला असे पाषाण या पंथात वंदनीय मानले जातात, आणि त्यांना संबंधी पाषाण म्हणतात. अशा पाषाणाचे मोल त्याच्या रंगात, काठिण्यात किंवा आकारात नाही. तो कोठला आहे आणि तेथे काय घडले, या संबंधातच त्याचे सारे मोल आहे. संबंध विसरला गेला तर वंदनीयता सिद्ध करण्यास दुसरे साधन नाही, म्हणूनच पंथाने ‘स्थानपोथी’सारख्या ग्रंथात चक्रधरांच्या वास्तव्याची स्थाने दिशा आणि ओळखीच्या खुणांसह नोंदवून ठेवली. खनिजसंग्रहाचे शास्त्र वेगळ्या वाटेने नेमक्या याच निष्कर्षाला आले आहे. ज्या नमुन्यासोबत सापडल्याचे गाव, जागा, खडकाचा प्रकार आणि तारीख लिहिलेली नाही तो कितीही सुंदर असला तरी अभ्यासाच्या दृष्टीने मुका असतो. उलट एखादी साधी गार, तिच्या नोंदीमुळे, त्या जागच्या खडकाविषयी काहीतरी सांगू शकते. टम्बलरमध्ये घातलेला दगड आपल्या पृष्ठभागावरील सर्व खुणा गमावतो, आणि म्हणून तो पिंपात जाण्यापूर्वीच त्याची नोंद झाली पाहिजे, शक्य तर एका गावचे दगड एका खेपेतच घोळले पाहिजेत.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो. संतांनी आणि शरणांनी, म्हणजे बसवेश्वरांच्या परंपरेतील भक्तांनी, माणसाला दगडापासून दूर नेण्यासाठी आयुष्य वेचले असताना पुन्हा दगडालाच इतके महत्त्व का द्यावे? बाराव्या शतकात बसवेश्वरांनी स्थावर आणि जंगम, म्हणजे जागी खिळलेले मंदिर आणि चालताबोलता भक्त, असा भेद करून जंगमाला श्रेष्ठ ठरवले आणि लिंग देवळातून काढून भक्ताच्या अंगावर आणले. मराठी संतांनीही भाव नसलेल्या पाषाणपूजेवर वारंवार कोरडे ओढले आहेत. या आक्षेपाचे वजन कमी लेखून चालणार नाही. दगडांची हाव ही सोन्याच्या हावेहून निराळी नाही, आणि कपाटे भरून खडे साठवणारा माणूस ‘अपरिग्रह’, म्हणजे गरजेपलीकडे न साठवण्याचा यम, मोडतोच. तरीही ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’तील एक दृष्टांत या आक्षेपाच्या पलीकडे नेतो. एकच डोंगर कोरून त्यातून देव, देऊळ आणि भक्त हे तिन्ही घडवता येतात, मग अद्वैतातही भक्तीचा व्यवहार का संभवू नये, असा त्या दृष्टांताचा आशय आहे. लेणी पाहिलेल्या मराठी मनाला तो चटकन पटतो. त्यातून या विषयापुरता निघणारा अर्थ असा की दगड आणि त्याला पाहणारा यांच्यात मुळात परकेपणा नाही. परकेपणा येतो तो मालकीच्या भावनेने. दगडाचे निरीक्षण हा परमार्थाला अडसर नाही. दगड आपला झाला असे वाटणे हा मात्र अडसर आहे.

झीज या कल्पनेकडेही या दृष्टीने पाहिले पाहिजे, कारण ज्या क्रियेने दगड चमकतो त्याच क्रियेने तो कमी होतो. पिंपातून बाहेर आलेला प्रत्येक खडा आत गेला त्याहून लहान असतो. चकाकीची किंमत दगडाने आपल्या अंगाने भरलेली असते. कोल्हापूरच्या अंबाबाईची पाषाणमूर्ती दीर्घकाळच्या पूजोपचारांनी झिजली, आणि 2015 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून तिचे रासायनिक संवर्धन करावे लागले. भक्तीचा स्पर्शसुद्धा पाषाण झिजवतो ही वस्तुस्थिती तेव्हा साऱ्या शहराने जवळून पाहिली. नृसिंहवाडीला पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढून एका दाराने मंदिरात शिरते, दत्तपादुकांवरून वाहते आणि दक्षिण दाराने बाहेर पडते. त्या दक्षिणद्वार सोहळ्यात नदीने पाषाणाला स्पर्श करणे हीच पूजा मानली जाते. शिरोळ तालुक्यातील खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात, जेथे यादवराजा सिंघण याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा संस्कृत शिलालेख आहे, स्वर्गमंडपाचे 48 खांब उभे आहेत. त्यांतल्या एखाद्या खांबाजवळ उभे राहून पाहिले तर चौकोनी तळखड्यापासून वर जाताना दगड अष्टकोनी होतो, मग गोल होतो, त्यावर चाकावर फिरवून काढल्यासारखी धारदार वलये येतात, आणि छताच्या वर्तुळाकार झरोक्यातून उजेड पडला की काळ्या पाषाणावरची जिल्हई सुमारे आठशे वर्षांनंतरही उठून दिसते. ज्या दगडाने स्वतःचे अंग देऊन हे रूप घेतले त्याच्याविषयी आदर वाटणे साहजिक आहे. पण तो आदर खांबापुरता ठेवून ओढ्यातल्या गारेला मात्र फुकटचा माल समजणे विसंगत ठरते.

या आदराला कायद्याचीही जोड आहे, आणि ती नवशिक्याला आधीच माहीत असली पाहिजे. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48 नुसार खनिजांवरील हक्क शासनाचा आहे. 1927 च्या भारतीय वन अधिनियमात वनातील खडक आणि खनिजे हेही वनोपज ठरतात. आणि राधानगरीसारख्या अभयारण्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे. त्यामुळे अभयारण्यात, राखीव वनात किंवा पन्हाळ्यासारख्या संरक्षित गडावर दगडाला हात लावू नये. पन्हाळा 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारशाच्या यादीत गेला आहे आणि तेथला पडका चिराही इतिहासाचा पुरावा आहे. खासगी शेतात मालकाला विचारून, चालू खाणीत परवानगीने आणि सुरुंगाच्या वेळा सोडून, कापलेल्या घाटाखाली दरड नसल्याची खात्री करून जावे, आणि पावसाळ्यात ओढ्यात उतरू नये. पाण्याकाठी सात आसरांचे म्हणून मांडलेले सात दगड किंवा शेताच्या कडेला शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे न घडवलेल्या दगडाच्या रूपातील देव, दिसला तर त्याच्या आसपासचे दगडही उचलू नयेत. कारण तेथे निवड आधीच कोणीतरी केलेली आहे आणि ती मोडण्याचा अधिकार दुसऱ्या कोणालाही नाही.

प्रारंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यातून मिळते. दगडाचे द्रव्य निसर्गाचे आहे, त्याचा आकार नदीचा किंवा यंत्राचा आहे, आणि या दोहोंचे श्रेय माणसाकडे जात नाही. त्याच्याकडे येते ती फक्त निवड, आणि निवडीतून निर्माण होणारा संबंध. पंचायतनाने नदी ठरवून दिली, जैन आचाराने प्रयोजन विचारले, महानुभावांनी स्थान लिहून ठेवले, शरणांनी आणि संतांनी मालकीचा मोह सोडायला सांगितले. या चारही परंपरांचे सिद्धान्त एकमेकांशी जुळणारे नाहीत, तरी दगड उचलणाऱ्या माणसाच्या हाताला त्या सगळ्या एकच मर्यादा घालतात. ही मर्यादा पाळून टम्बलर फिरवणारा माणूस कोणताही अपराध करत नाही, आणि ती मोडून निव्वळ चकाकीसाठी डोंगर फोडणारा, त्याने पुढे त्या खड्याची पूजा मांडली तरी, निर्दोष ठरत नाही.

ज्या वाचकाला हा छंद सुरू करायचा असेल त्याने यंत्र विकत घेण्याआधी एक वही घ्यावी. पहिले काही महिने दगड घरी न आणता ते जेथे पडले आहेत तेथेच भिंगातून पाहावेत आणि वहीत लिहावेत. मग विचारून, मोजके, सुटे पडलेले, कठीण दगड आणावेत. प्रत्येकाचे गाव, जागा आणि तारीख आधी लिहावी आणि मगच पिंपाचे झाकण लावावे. घरातल्या मुलांना चकचकीत खडा हाती देताना तो कोठल्या शेतातला आहे आणि त्या शेताखालचा पाषाण किती कोटी वर्षांचा आहे हेही सांगावे. आणि पिंप एकदा भरून झाले की ते पुन्हा भरण्याची घाई करू नये.